रात्रपाळीची नोंद

किलीबेग्जच्या या वृद्धाश्रमात
दर दोन तासांनी मला लिहावं लागतं
कोण कुठे आहे.
खोली चार: इन बेड.
खोली सात: ऑन द बेड, पायात बूट.
खोली नऊ: ॲट द विंडो.
खोली नऊ नेहमीच ॲट द विंडो.

तिळाएवढे शब्द,
आणि रात्रभर दाताखाली.

माझ्या भाषेत आधी घर येतं,
मग त्याला चिकटून आत.
इथे आत आधी सांगायचं,
कशाच्या, ते नंतर;
दार दिसायच्या आधी उंबरठा ओलांडावा, तसं.
शिवाय घरात असणं आणि घरात जाणं
दोन्हीला आमचा एकच प्रत्यय पुरतो.
यांच्यात पोचलेल्याला इन,
वाटेवर असलेल्याला इनटू.
मला या देशात सहा वर्षं झाली.
कुठला लावू?

खोली नऊ म्हणजे मॅनस मॅकगिनली, वय अठ्ठ्याऐंशी.
हयात गेली मॅकरेलची जाळी ओढण्यात,
आता चमचा सुटतो हातातून.
पण माझी वही चष्म्याशिवाय वाचतो.
"होडी असेल तर इन," म्हणतो.
"उभ्याने चहा पिता आला, तर ऑन."

मी त्याला आमच्या चियातुराचा पाळणा सांगते,
खाणीवर नेणारा, पत्र्याचा,
दरीवरून तारेला लोंबत जायचा.
उभे असायचो सगळे, पण चहा कसला?
वीज गेली की अधांतरी.
ओव्हर म्हणू की अक्रॉस?
"पलीकडे पोचायचा ना?"
बहुतेकदा.
"मग अक्रॉस.
लटकला असेल तेवढा वेळ ओव्हर."

एकदा कुटुंबाची माहिती भरत होते.
भाऊ: कोनल. मच्छीमार. इन द सी.
मॅनसने पेन मागितलं.
हात थरथरत होता,
पण खोडलं एका रेघेत.
"कामावर असतो तो ॲट सी, लामारा.
कोनल एकवीस वर्षं ॲट सी होता.
इन द सी
फक्त त्या मंगळवारपासून."

मी सॉरी म्हटलं.
तो म्हणाला, आमच्या घरी आयरिश बोलायचे.
तिच्यात माणूस दुःखी नसतोच,
दुःख माणसावर असतं.
ऑन. भूकही वर, थंडीही वर.
मग काढून ठेवता येतं? ऑफ?
"कोट काढता येतो,"
एवढं बोलून तो काचेकडे वळला.

मार्चमधली रात्र.
दोन वाजता: ॲट द विंडो.
चार वाजता खुर्ची तिथेच,
खुर्चीत तो,
गुडघ्यावरची शाल जमिनीवर.
खाली बंदरात एक ट्रॉलर धक्क्यापासून सुटत होता,
डेकवर पिवळे दिवे,
कुणीतरी दोर गुंडाळत होतं.
मी मनगटाला हात लावला.
थंडी आता त्याच्यावर नव्हती,
त्याच्यात होती.

डॉक्टरांना फोन केला, शाल उचलली,
आणि चारच्या रकान्यात लिहिलं:
ॲट सी.

सकाळी दिवसपाळीच्या ब्रीजने
लाल पेनाने त्याभोवती गोल काढला,
वर लिहिलं, इन चेअर.
तिचंही बरोबर आहे.
रजिस्टर दिवसपाळीला दाखवायचं असतं, तपासणीला दाखवायचं असतं,
समुद्र कुणाला दाखवणार?

मी डबा पिशवीत टाकला. इनटू.
फाटकातून बाहेर, थ्रू.
चर्चवरून, पास्ट.
चढ चढून, अप.
पुढचा शब्द होम.
होमच्या आधी म्हणे काहीच लावायचं नसतं,
ना टू, ना इन,
नुसतं जायचं.

असं का,
ते मॅनसला विचारायचं राहून गेलं.